उपाशी दिवे

फुलांच्या धंद्यातला माणूस हळवा असतो असं लोकांना वाटतं. नसतो. पहाटे खुडलेला मोगरा संध्याकाळी उकिरड्यावर टाकायचा, हे जन्मभर केलं की माणूस चांगला निबर होतो. मी अमरावतीचा माळी. गावाबाहेर वलगावच्या वाटेवर आमची विहीर, विहिरीखाली मळा. मळ्यात वांगी, मेथी, कांदे, आणि बांधाच्या कडेनं मोगरा, शेवंती, गुलाब. लिहायला शिकलो तो मोठेपणी, तेही बियांच्या पुड्यांवर नावं टाकता यावीत म्हणून. तेव्हा या लिखाणात शाळा शोधू नये. राग सापडेल. तो माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं माझी बायको म्हणे, आणि ते खरं होतं.

हे सगळं कापसाच्या दिवसांतलं आहे. अमेरिकेत कुठं तरी लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं नशीब उघडलं. ज्यानं त्यानं कापूस पेरला. ज्वारीच्या वावरात कापूस, तुरीच्या वावरात कापूस. एका शहाण्यानं तर अंगणातली तुळस तेवढी सोडून बाकी सगळीकडे सरकी टोबली. मला येणारा-जाणारा विचारायचा, "काहून बापा, तू अजून वांगेच लावून राहिला का?" मी म्हणायचो, "तुमी समदे कापूस पेरून राहिले, मंग खासान काय, बोंडं?" आणि झालंही तसंच. भाजीपाला कोणी लावेना, म्हणून माझ्या वांग्यांना मान आला. मेथीच्या जुडीसाठी माझ्याशी भांडणारी माणसं आता गुमान घेऊन जायला लागली. लग्नांचं तर विचारू नका. नवरदेवाच्या घोड्याला फुलं, बैलांच्या शिंगांना फुलं, मांडवाच्या खांबाखांबाला फुलं. माझा मोगरा पुरेना.

याच दिवसांत मुंबईकडून कापसाचे व्यापारी आणि अडते इकडे यायला लागले. त्यांच्या गाड्यांतून काय काय आलं ते सांगत बसत नाही. माझा जीव एकाच गोष्टीत अडकला, मेजावर ठेवायच्या जुन्या दिव्यांत. विलायतेला परत निघालेल्या साहेबांचं सामान मुंबईत लिलावात निघायचं, तिथून हे दिवे इकडे येत. पितळेची बैठक, पोटात तेल आणि तेलात एक पेच. किल्ली फिरवली की तेल आपोआप वातीपर्यंत चढायचं. वातीभोवती काचेची नळी, आणि त्या सगळ्यावर काचेची गोल हंडी. त्या हंडीवर हातानं काढलेली फुलं. माझं काम होतं ते त्या फुलांशी. पेच आणि किल्ली गेली खड्ड्यात.

पहिला दिवा मी एका व्यापाऱ्याच्या बंगल्यात पाहिला. रोजची फुलांची करंडी द्यायला गेलो होतो. मेजावर तो दिवा होता आणि हंडीवर गुलाबाची फांदी. मी पाहतच राहिलो. व्यापाऱ्याला वाटलं, अडाणी माणूस, कधी काच पाहिली नसेल. हसून म्हणाला, "कसा आहे?" मी म्हणालो, "फूल बरं काढलं. पानं चुकली. गुलाबाला पान एकाआड एक फुटतं, असं समोरासमोर नाही फुटत." त्याचं हसू मावळलं. तो उठून हंडीजवळ गेला, मग खिडकीतून बाहेरच्या गुलाबाकडे पाहून आला, आणि पुन्हा बसला. पुढं त्याच्या मुलीचं लग्न निघालं. चार दिवस मी फुलं पुरवली आणि बदल्यात तोच दिवा मागितला. तो म्हणाला, "चुकीच्या पानांचा दिवा घेऊन काय करशील?" मला तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगतो. मी ज्या फुलावर हात ठेवायचो ते दिवस मावळायच्या आत मान टाकायचं. हे एक असं फूल होतं की सकाळी पाहावं, संध्याकाळी पाहावं, दुसऱ्या दिवशी पाहावं, ते तिथंच. पानं चुकली तर चुकली.

मग मला नादच लागला. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका कास्तकारानं कापसाच्या पैशात असाच एक दिवा आणला होता आणि तो गोठ्यात टांगून ठेवला होता, बैलांना उजेड म्हणून. हंडीवर पिवळी फुलं होती, त्यांवर शेणाचे शिंतोडे. मी त्याला गुलाबाची दहा कलमं आणि मोगऱ्याची चार रोपं दिली, वर दोन दिवस राहून त्याच्या अंगणात ती लावून दिली, आणि दिवा घेऊन आलो. त्यानं मला बावळट ठरवलं. त्याच्या गोठ्यात एक साधा कंदील लागला आणि बैलांचं काही बिघडलं नाही. असे चार वर्षांत सात दिवे झाले. काही फुलांवर मिळाले, काही कलमांवर. एक तर नुसत्या भांडणावर मिळाला. समोरचा कंटाळून म्हणाला, ने बाबा.

जुन्या दिव्याची पारख मला अकोल्याच्या एका कासारानं शिकवली. बांगड्या विकता विकता तो काचेच्या हंड्याही सांधून द्यायचा. त्याचं दुकान म्हणजे तीन हात जागा, पण काचेबद्दल त्याला माहीत नाही असं काही नव्हतं. त्यानं माझं नख हंडीवरून फिरवलं आणि म्हणाला, "ह्या फुलाचा रंग भट्टीत भाजला हाय. काचंत बसला. पावसात ठेवा, जात नाई. आता ह्याले हात लावा." दुसऱ्या हंडीवर रंग बोटाला किंचित वर लागला. "हा कच्चा. वरून लावला. कोरड्या मऊ फडक्यानं पुसाचं, वल्लं बोट लावाचं नाई." माझ्या सातांपैकी पाच कच्च्या रंगाचे निघाले. आणि तेच जास्त सुंदर होते. भाजलेल्या रंगात फूल जरा जाड येतं. कच्च्या रंगात पाकळीच्या कडेचा तो पुसट गुलाबीपणा येतो, जो मी फक्त पहाटेच्या फुलावर पाहिला होता.

घरी मी सोप्यातल्या भिंतीला एक फळी ठोकली आणि सातही दिवे ओळीनं मांडले. कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम. बायकोला हुकूम, धाकट्या भावाला हुकूम, आमच्या पाच वर्षांच्या मुलीला तर दिवसातून चारदा हुकूम. ती फळीखाली मान वर करून उभी राहायची, हात मागं बांधून. मी तिला फुलांची नावं विचारायचो. जी फुलं मला माहीत नव्हती त्यांना ती आपल्या मनानं नावं ठेवायची. एकाला तिनं आपल्या आत्याचं नाव दिलं होतं, कारण ते फूल फुगलेलं होतं.

माझी बायको अकोल्याकडची. तोंडाची फटकळ, हाताची चपळ, आणि देवाधर्माची पक्की. तिला माझे दिवे मुळीच खपायचे नाहीत. त्यांची किंमत, त्यांची जागा, त्यांची धूळ, याबद्दल ती काही बोलायची नाही. तिचं एकच म्हणणं होतं. मी ते कधी पेटवत नव्हतो. पेटवले की काजळी धरायची, काजळी पुसायला गेलं की रंग जायचा. संध्याकाळी ती देवापुढं समई लावायची, तुळशीपाशी पणती ठेवायची, आणि फळीखालून जाताना न चुकता म्हणायची, "हे सात उपाशीच."

मी म्हणायचो, "ते पाहाचे दिवे हायेत."

"दिवा का पाहाचा असते? दिव्यानं पाहाचं असते."

एवढं बोलून ती चुलीकडे जायची आणि मी काही तरी पुटपुटत मळ्याकडे. दरवर्षी आषाढ अवसेला, म्हणजे जिवतीच्या दिवशी, घरातले सगळे दिवे निघायचे. राख आणि चिंच लावून ते लख्ख घासायचे, पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे करायचे, आणि लेकरांना ओवाळून जिवतीला त्यांचं आयुष्य मागायचं. जिवती ही आमच्याकडं लेकराबाळांची देवी. त्या दिवशीही माझे सात दिवे फळीवरच राहायचे. बायको पाटावरचे दिवे मांडून झाले की एकदा फळीकडे पाहायची. मी आडवा उभा असायचो.

मग अमेरिकेतली लढाई संपली. कापसाचा भाव जसा चढला तसा कोसळला. ज्यांनी ओसरीला नक्षीचे खांब लावले होते ते खांबांना पाठ लावून बसून राहिले. जे बाहेरून आले होते ते आपापल्या गावी परत निघाले. मी खोटं बोलणार नाही, मला त्यात माझी सोय दिसली. लोकांच्या घरातून वस्तू बाहेर पडत होत्या आणि वस्तूंत दिवे होते.

त्या वर्षी आषाढात मुलीला ताप आला. दोन दिवस वाटलं, पावसाचा ताप आहे, जाईल. तिसऱ्या दिवशीही उतरला नाही. वैद्यानं काढा दिला आणि सांगितलं, आठ-नऊ दिवसांत कळेल. नेमकं त्याच दिवशी अकोल्याच्या कासाराचा निरोप घेऊन एक गाडीवान आला. तिथला एक अडत्या गाशा गुंडाळून चालला होता. त्याच्याकडे एक जुना दिवा होता, तो मी दोन वर्षांपूर्वी पाहिला होता आणि तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेला नव्हता. हंडीवर लांब देठाची जांभळी फुलं, तीन पाकळ्या वर, तीन खाली वळलेल्या. असं फूल मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. निरोप होता, चार दिवसांत आला नाहीत तर दिवा जाईल.

बायको मुलीच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "अकोल्याले जाऊन येतो."

तिनं वर पाहिलं नाही. "जिवती होऊ द्या. मंग जा."

"तवर दिवा जाईन."

"पोरीचं आंग पाहा किती तापलं ते."

मी आत गेलो, हात लावून पाहिला. तापलं होतं. मी म्हणालो, "वैद्यानं सांगतलं ना काढा दे म्हनून. मी इथं बसून का ताप उतरते? चार दिवसांत येतो." हे मी मोठ्यानं म्हणालो, म्हणजे मला स्वतःला पटावं म्हणून. बायकोनं नुसतं फडकं पुन्हा पिळलं. एरवी ती एका शब्दाला चार शब्द द्यायची. मी भावाला घराकडे पाहायला सांगितलं आणि गाडी जुंपली.

जाताना दोन दिवस लागले. दिवा मिळाला. तो उचलण्याआधी मी हात दोनदा पुसले, हे सांगायला मला आज लाज वाटते, पण ते खरं आहे. कासारानं तो पेंढ्यात गुंडाळून दिला आणि सांगितलं, कच्चा रंग आहे, पाणी लागू देऊ नका. आणि परतीच्या वाटेवर काटेपूर्णेला पूर आला.

नदीच्या काठावर मी दोन दिवस अडकून पडलो. आणखी आठ-दहा गाड्या होत्या. पाणी चढत होतं, वरून पाऊस होता. मी गाडीवर घोंगडी टाकली, घोंगडीवर माझं धोतर टाकलं, आणि पेंढ्यातल्या दिव्यावर ओणवा होऊन बसलो. मुलीची आठवण येत होती. येत नव्हती असं नाही. पण दोन्ही काळज्या एकाच मनात शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि हात एकीवरच चालत होता. शेजारच्या गाडीवाल्यानं विचारलं, "आत का लेकरू हाये का?" मी म्हणालो, "नाई, काच हाये." त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो आपल्या बैलांकडे गेला.

पूर ओसरला तेव्हा मी बैलांना दम घेऊ दिला नाही. घरी पोचलो तो अवसेचा दिवस होता, दिवेलागणीची वेळ. गाडीतून उतरलो तर अंगणातूनच सोप्यात लखलखाट दिसला. इतका उजेड आमच्या घरात मी कधी पाहिला नव्हता. पाटावर समई, निरांजनं, पणत्या, कणकेचे दिवे, आणि त्यांच्या मधोमध माझे सात दिवे. सातही पेटलेले. मी जवळ गेलो आणि माझ्या लक्षात आलं की हंड्या रिकाम्या आहेत. दोन हंड्यांवर फुलं होती, ती भाजलेल्या रंगाची. बाकी पाचांवर काही नव्हतं. नितळ काच. गुलाबाच्या कडेचा तो गुलाबी, नांदगावची पिवळी फुलं, मुलीनं आत्याचं नाव दिलेलं ते फुगीर फूल, सगळं साफ. पाटाजवळच राखेची वाटी होती आणि चिंचेचा चोथा.

"कोनं हात लावला माह्या दिव्यांले?"

बायको आतल्या दारातून आली. "मीनं. घासले. आज जिवती हाये."

मग मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. थोडं लिहितो, कारण ते न लिहिता पुढं जाणं म्हणजे चोरी होईल. मी म्हणालो, तुझ्या बापानं तरी असे दिवे पाहिले होते का. मी म्हणालो, चार वर्षं मी जिवाचं रान केलं आणि तू चार घटकांत राख फासलीस. मी म्हणालो, तुला अक्कल नाही आणि येणारही नाही. एकेक हंडी उजेडाला धरून मी ओरडत होतो, ती गरम होती, बोटं भाजत होती, तरी धरून ओरडत होतो. भाऊ बाहेरून आला आणि माझा आवाज ऐकून दारातच थांबला. बायको भिंतीला टेकून उभी होती. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली,

"झालं? आता आत जा. पोरीले पाहा."

सहा दिवसांनी मी घरी आलो होतो आणि मी विचारलं नव्हतं.

मुलगी डोळे मिटून पडली होती. गळ्यातली मण्यांची माळ तिला मोठी झाली होती, इतकी ती वाळली होती. मी कपाळाला हात लावला. कपाळ ओलं होतं, गार होतं. एक क्षण मला जे वाटलं ते मी लिहू शकत नाही. मग तिचा श्वास हाताला लागला. बायको माझ्या मागून म्हणाली, "दुपारी घाम आला. उतरला." मी खाली बसलो. बाहेर तो उजेड तसाच जळत होता, आणि त्यातला थोडा दारातून आत मुलीच्या पांघरुणावर आला होता.

दोन दिवसांनी मुलगी पेज प्यायला लागली, तेव्हा बायकोनं मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. अवसेच्या सकाळी वैद्यानं नकाराची मान हलवली होती. ती पाट मांडायला बसली आणि तिला फळीवरचे दिवे दिसले. "घरात सात दिवे उपाशी ठेवून मी जिवतीले काय तोंड दाखवू? काय मागू तिले?" म्हणून तिनं ते खाली काढले. पहिलाच घासायला घेतला तेव्हा राखेच्या पाण्यात रंग उतरला.

"मंग तुले दिसलं होतं?" मी म्हणालो.

"मले डोये नाईत का? दिसलं. पयल्या दिव्यालेच दिसलं." ती सूप झटकत राहिली. "घडीभर थांबली मी. मंग म्हटलं, तिकडं पोरगी अशी पडली, अन् मी फुलं वाचवत बसू? घासले समदे. तुमी घरी असते तं तुमी बी हेच केलं असतं."

मी म्हणालो, हो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तांदळाकडे. मी खरंच तसं केलं असतं का, ते मला आजही माहीत नाही. नदीकाठी मी काय करत होतो ते मला माहीत आहे.

वाटलं होतं की यानंतर दिव्यांवरून माझं मन उडेल. उडालं नाही. अकोल्याहून आणलेला जांभळ्या फुलांचा दिवा वर्षभर पेंढ्यातच पडून होता. मी त्याला हात लावत नव्हतो. पण वर्षानं बायकोनंच तो काढला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि फळीवर ठेवला. मग मी पुन्हा सुरू झालो, निर्लज्जासारखा. ज्यांचे रंग गेले ते पाच दिवे मात्र त्या दिवसापासून रोज पेटायला लागले, घरात इकडे तिकडे. पुढं घासलेट आलं आणि तसले दिवे कोणी विचारीना, तरी आमच्याकडे ते करडईच्या तेलावर चालूच राहिले.

आता मला जे लिहायचं आहे ते हे. पुढच्या जिवतीला बायको मुलीला ओवाळत होती. मुलगी म्हणाली, "माय, मी लय बिमार होती तवाची गोष्ट सांग." आणि माझी बायको सांगायला लागली. मी ओसरीत अडकित्ता घेऊन सुपारी कातरत होतो, माझे हात थांबले. म्हटलं, आता निघतंय सगळं. बायको सांगत होती, "तुह्या बाबाचा जीव तिकडं थाऱ्यावर नोता. नदी फुगली, दोन दिवस काठावर बसले, ना खाल्लं ना पेलं. पूर उतरला तसे बैल हाणत आले. अन् घरात पाय ठेवल्याबरोबर पयले काय इचारलं? पोरगी कशी हाये."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, टोमणा आहे. माझ्या बायकोला टोमणे उत्तम यायचे. पण तिच्या आवाजात तसं काहीच नव्हतं. ती मुलीच्या कपाळाला कुंकू लावत होती आणि मन लावून सांगत होती. पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मुलीचं लग्न होऊन ती अकोल्याला गेली, जिवतीला माहेरी आली की पुन्हा तीच गोष्ट, आणि नातवंडं मांडीवर. नातवंडं माझ्याकडे वळून पाहायची, आणि मी मान खाली घालून सुपारी कातरायचो. माझा राग, ज्याला सगळा गाव भ्यायचा, तो त्या एका दिवशी कुठं जायचा कोण जाणे.

एकदा न राहवून मी बायकोला विचारलं. मुलगी सासरी परत गेली होती, घरात आम्ही दोघंच होतो. "काहून सांगतं असं खोटं?"

ती म्हणाली, "मंग तुमी सांगा खरं. मी कुठं तुमचं तोंड धरलं?"

मी नाही सांगितलं. तिनं ते मुलीसाठी केलं की माझ्यासाठी, की मला दरवर्षी एकदा तिथं उभं करण्यासाठी, हे मी वर्षानुवर्षं उलटसुलट करून पाहिलं. कधी वाटायचं, तिनं मला माफ केलं. कधी वाटायचं, याच्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. विचारायचं राहूनच गेलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

गेल्या आषाढात मुलगी जिवतीला आली. तिचे केस आता पिकायला लागले आहेत. पाटावर दिवे मांडून ती कणीक मळायला बसली, आणि म्हणाली, "बाबा, आता माय नाई. ते तुमी सांगा."

मी अडकित्ता खाली ठेवला. म्हणालो, तुझ्या मायनं तुला जन्मभर खोटं सांगितलं. मी आलो तेव्हा तुझं नाव घेतलं नाही. मी दिवे विचारले. तुझ्या मायला नाही नाही ते बोललो. तू आत पडली होतीस आणि मी बाहेर हंड्या उजेडाला धरून ओरडत होतो. एवढं एका दमात सांगून मी थांबलो. मला तिच्याकडे पाहवेना. ती उठून जाईल असं मला वाटलं, आणि गेली असती तरी मी तिला काही म्हटलं नसतं.

ती कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत हाये बाबा. मी जागीच होती."

मी वर पाहिलं.

"मायले कवा सांगतलं नाई मी. तिले सांगाले बरं वाटे." तिनं हाताची कणीक काढली. "मले त्या दिवशी लय भेव वाटून राहिलं होतं. माय सकाळपासून रडून राहिली होती, मले दिसू देत नोती, पण मले समजलं होतं. मंग तुमी वरडले. दिव्याले वरडले का कोनाले वरडले, मले काय करायचं. मी म्हटलं, बाबा आले. आता काई होत नाई. अन् मले झोप लागली."